रोज सकाळी एक

आमचे बाबा उभ्या आयुष्यात काही विसरले नाहीत, आणि आई गेली ती त्यामुळेच. असं मी म्हटलं की लोक दचकतात. दचकू देत. मला गोडगोड बोलता येत नाही, म्हणून तर आईने माझं नाव लवंगी ठेवलं होतं आणि घरात तेच चाललं.

बाबा पाणीखात्यात चावीवाले होते. लांब लोखंडी दांडा घेऊन गल्लोगल्ली फिरायचं, रस्त्याखालच्या चाव्या उघडायच्या, की त्या भागातल्या नळांना पाणी. अंगात ताप असो की घरात पाहुणे, त्यांच्या भागाला पाणी वेळेवर मिळालं नाही असं कधी झालं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांची मोठी पंचाईत झाली. सोडायला पाणी उरलं नाही, तेव्हा ते आईच्या मागे लागले. तिचा चष्मा कुठे आहे, तिचा चहा गार होतोय, तिने औषध लावलं का, तिची दुपारची झोप झाली का. आई म्हणायची, "अहो, मी काय नळ आहे का, वेळेवर सुरू व्हायला आणि वेळेवर बंद व्हायला?" पण तिला ते आवडायचं. शेजारणीशी बोलताना ती तक्रारीच्या सुरात नवऱ्याचं कौतुकच करायची.

आईला संधिवात होता. बोटांचे सांधे सुजून लाल व्हायचे. आधी तिला कपडे पिळता येईनात, मग बरणीचं झाकण फिरवता येईना, आणि एक दिवस तिला स्वतःच्या पोलक्याची बटणं लावता आली नाहीत. ती बटणं बाबांनी लावली आणि त्याच दिवशी तिला सांध्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर नावाजलेले होते आणि हुशारही होते, हे मी आजही म्हणते. त्यांनी आजार बरोबर ओळखला, औषधही बरोबर दिलं. फक्त त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ते लागायचं एकाच माणसाला, दवाखान्याच्या खाली ज्याचं औषधाचं दुकान होतं त्याला. त्या इमारतीतली ती पद्धतच पडून गेली होती. वर डॉक्टर खरडायचे, खाली तो वाचायचा, आणि त्यालाही लागलं नाही तर तो जिना चढून विचारून यायचा. रुग्णांना यात काही वावगं वाटत नव्हतं. हातातला कागद उलटासुलटा करून लोक हसायचे. मोठ्या डॉक्टरांचं अक्षर असंच असायचं, असं एकमेकांना सांगायचे. मीही हसले आहे.

आईला पिवळी गोळी पहिल्यांदा लिहून दिली त्या दिवशी खालचं दुकान बंद होतं. मालक कुणाच्या तरी लग्नाला गेला होता. आईला उभं राहवत नव्हतं, म्हणून बाबांनी तिला दवाखान्याच्या पायरीवर बसवलं आणि रस्ता ओलांडून ते समोरच्या दुकानात गेले. त्या औषधवाल्याला या अक्षराची सवय नव्हती. औषधांची नावं त्याला जेमतेम लागली. एक पोटाची गोळी, एक हाडांची, एक दुखण्यावरची आणि शेवटी ही पिवळी. पहिल्या तिन्ही रोज एक. पिवळीच्या पुढे एक आडवी रेघ होती आणि तिला शेपूट होतं. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे त्या शेपटाचा अर्थ आठवड्यातून एकदा असा होता. मी तो कागद नंतर इतका पाहिला आहे की डोळे मिटले तरी ते शेपूट दिसतं, पण मला त्यात आठवडा कधीच दिसला नाही. औषधवाल्यालाही दिसला नाही. बाकीच्या रोजच्या, तर हीही रोजचीच असणार, असं धरून त्याने चारही पाकिटांवर लिहून दिलं: रोज सकाळी एक. त्याचं अक्षर मात्र छापल्यासारखं होतं. बाबांनी घरी आल्यावर ते आईला मुद्दाम दाखवलं, अक्षर असावं तर असं म्हणून.

डॉक्टरांनी निघताना तोंडी काय सांगितलं होतं, यावर पुढे बराच खल झाला. बाबांना आठवत होतं ते एवढंच, की औषध नियमित घ्यायचं, चुकवायचं नाही. बाबांना हे सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ते काम अंगावर घेतलं. चहा झाला की चारही गोळ्या एका वाटीत घालून आईच्या समोर धरायच्या आणि ती शेवटची गिळेपर्यंत हलायचं नाही. सुरुवातीला आराम पडल्यासारखं वाटलं. मग आईच्या तोंडात फोड आले. शेजारीण म्हणाली उष्णता झाली असेल, आईही तेच म्हणाली, मलाही तसंच वाटलं. फोडांना ग्लिसरीन लावलं, गार दूध दिलं. फोड वाढले. अंगावर कुठे न आपटता काळेनिळे डाग पडायला लागले, ताप उतरेना, आणि एका दुपारी ती खुर्चीतून उठताना खाली बसली आणि तिला पुन्हा उठताच येईना. बाबांचा फोन आला तेव्हा मी ड्रायव्हिंगच्या शिकवणीची गाडी तशीच वळवली आणि तिला इस्पितळात नेलं.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, कोणती औषधं चालू आहेत? बाबा या प्रश्नाची वाटच पाहत होते. त्यांनी कापडी पिशवीतून चारही पाकिटं काढून टेबलावर ओळीने मांडली.

"ही पिवळी कधी देता?" बाईंनी विचारलं.

"रोज," बाबा म्हणाले. "एक दिवसही चुकवली नाही."

ते ज्या सुरात म्हणाले तो सूर मी जन्मात विसरणार नाही. एखादं मूल पाढे बिनचूक म्हणून दाखवतं आणि शाबासकीसाठी वर बघतं, तसे त्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी गोळ्यांची पट्टी बघितली, पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि माझ्या कोपराला धरून मला दाराशी नेलं. ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, त्या हळू आवाजात म्हणाल्या. रोज घेतली तर अंगात रक्त तयार होणंच थांबतं. त्यांनी आवाज कितीही खाली आणला असला तरी बाबांनी सारा जन्म रस्त्याखालच्या नळातलं पाणी ऐकलं होतं. मी मागे वळले तेव्हा ते पाकिटं पिशवीत भरत होते आणि ती आत जात नव्हती.

आईने त्यानंतर फार दिवस काढले नाहीत.

बाबा रडले नाहीत. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, तुमचा काय दोष, तुम्ही तर लिहिल्याप्रमाणे दिलीत, उलट तुमच्याएवढं कोण करतं. बाबा हो म्हणायचे आणि स्वतःच्या पायांकडे बघत बसायचे. मी त्यांना माझ्या घरी घेऊन आले. स्वतःची रक्तदाबाची गोळीसुद्धा ते आता पाकीट मला दाखवल्याशिवाय घेत नव्हते. मी वाचून दाखवलं की म्हणायचे, नीट वाच. नीट वाचलं की म्हणायचे, उद्या घेतो. एकदा भाजी निवडता निवडता मध्येच थांबले आणि म्हणाले, "लवंगे, मीच दिली ना गं?"

मी म्हटलं, "नाही." आणि दुसऱ्या दिवशी एका वकीलबाईंकडे गेले.

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. आमच्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक माझ्या. शिकणाऱ्याने कुठे ठोकली तर लोक त्याला नाही, मला धरतात, आणि ते बरोबरच आहे, कारण मला रस्ता कळतो आणि ब्रेक माझ्याही पायाखाली असतो. या खटल्याकडे मी तशीच बघत होते. डॉक्टरकडे ब्रेक होता: नीट लिहायचं, निदान तोंडाने नीट सांगायचं. औषधवाल्याकडे ब्रेक होता: लागलं नाही तर विचारायचं. बाबा मागच्या सीटवर बसलेले होते. मागच्या सीटवरच्या माणसावर खापर फोडता येत नाही, एवढं मला कोर्टाच्या शिक्क्यानिशी हवं होतं. कागदावर, बाबांना दाखवता येईल असं.

वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तुम्हाला या खटल्यातून नेमकं काय हवंय, असं विचारलं. मी सांगितलं, बाबांचा दोष नाही असं कोर्टाने म्हणायला हवं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कोर्ट दोष वाटून देतं," त्या म्हणाल्या. "पुसून देत नाही."

त्यांनी मला बजावलंही होतं. डॉक्टर औषधवाल्याकडे बोट दाखवणार, औषधवाला डॉक्टरकडे, आणि दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत होणार, ते म्हणजे गोळी भरवणाऱ्या माणसावर. मी म्हटलं, दाखवू देत बोटं. माझ्या नाकावर राग होता आणि त्या रागात मला सगळं सोपं दिसत होतं.

खटला सुरू झाला आणि वकीलबाई म्हणाल्या होत्या तशीच टोलवाटोलवी सुरू झाली. डॉक्टर साक्षीला आले तेव्हा शांत होते. त्यांच्या हातात तो कागद देऊन वाचायला सांगितलं. त्यांनी न अडखळता वाचलं, आठवड्यातून एकदा. स्वतःचं अक्षर त्यांना लागलं, यात नवल ते काय! आमच्या वकीलबाईंनी विचारलं, तुमच्याशिवाय हे आणखी कोणाला लागतं? डॉक्टर म्हणाले, खालच्या औषधवाल्याला. मागे कुणीतरी हसलं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. लाल झाले आणि कागदाकडे बघत राहिले.

समोरचा औषधवाला माझ्याच वयाचा होता. त्याने आधी हात वर केले, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलं तेच मी दिलं वगैरे. मग प्रश्न वाढले तसा तो ढेपाळला. फोन का केला नाहीत, असं विचारल्यावर म्हणाला, मागे एकदा दुसऱ्या रुग्णासाठी केला होता. दवाखान्यातल्या बाईंनी, वाचता येत नसेल तर दुकान कशाला उघडलंत, असं ऐकवून फोन ठेवला. त्यानंतर त्याने कधी केला नाही. मला त्याची दया आली आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला.

मग बाबांना बोलावलं.

वकीलबाईंनी त्यांना चार वेळा पढवलं होतं. विचारलं तेवढंच सांगायचं, पाकिटावर लिहिलं होतं तसं दिलं म्हणायचं, बस्स. बाबा प्रत्येक वेळी मान डोलवायचे. कोर्टात त्यांनी पुढचा लाकडी कठडा दोन्ही हातांनी धरला आणि सरळ उभे राहिले. डॉक्टरांचे वकील फार अदबीने बोलत होते. त्यांनी बाबांना काका म्हटलं, बसायचं असेल तर बसा म्हणाले. बाबा बसले नाहीत.

"काका, तोंडात फोड आल्यावर काकू गोळीबद्दल काही म्हणाल्या का?"

आमच्या वकीलबाईंनी चटकन वर बघितलं. मला तर वाटलं, नाही म्हणतील. मी त्या घरात दर सुट्टीला जात होते आणि मला असं काही कधी कळलं नव्हतं.

"म्हणाली," बाबा म्हणाले. "ही पिवळी नको म्हणाली. ही घेतली की तोंड जळतं म्हणाली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"कुस्करली. साखरेच्या पाण्यात घालून चमच्याने दिली."

"एकदाच नको म्हणाल्या का?"

"नाही. रोज म्हणायची." बाबा थांबले. वकिलांना हवं ते मिळालं होतं, ते बसायला वळलेसुद्धा. तेवढ्यात बाबाच पुढे म्हणाले, "शेवटी शेवटी बोलता येत नव्हतं, तेव्हा मान हलवायची. मी हनुवटी धरून द्यायचो. मला वाटायचं, आज चुकली तर सगळं फुकट जाईल."

आईची मान माझ्या डोळ्यांपुढे आली आणि बाबांची बोटंही आली. ती बोटं किती हळुवार असतील हेही मला ठाऊक होतं, आणि त्यानेच काळीज चिरत गेलं. धसमुसळेपणाने दिली असती तर मला त्यांच्यावर चिडता तरी आलं असतं.

चिडले मी नंतर. गाडीत बसल्या बसल्या अंगाची नुसती लाही झाली आणि मी बोलायला लागले. एवढं शिकवलं होतं, एवढ्या खेपा घातल्या, आणि तुम्ही त्यांच्या हातात कोलीत दिलंत. न विचारलेलं कशाला सांगायला गेलात? बाबा खिडकीबाहेर बघत होते. माझं सगळं बोलून होऊ दिलं त्यांनी.

"त्याने विचारलं ना," ते म्हणाले. "आत्तापर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. सगळे मला सांगायचेच."

गाडी सुरू करायची होती, ती बराच वेळ सुरू केली नाही.

निकालाच्या दिवशी बाबांनी घरी थांबावं म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केला. त्यांनी सकाळीच दाढी करून कपडे घातले होते. न्यायाधीशांनी निकाल वाचला. अक्षर वाचता येण्यासारखं लिहिणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे, आपलं अक्षर एकाच दुकानदाराला लागतं हे माहीत असूनही ते त्यांनी चालू ठेवलं. सबब दोषाचा मोठा वाटा डॉक्टरांचा. न लागलेलं अक्षर अंदाजाने वाचणं हा निष्काळजीपणा. सबब त्याखालोखाल वाटा औषधवाल्याचा. वकीलबाईंनी टेबलाखाली माझा हात दाबला. न्यायाधीश पुढे वाचतच होते. उरलेला लहानसा वाटा त्यांनी घरच्यांवर ठेवला होता, आणि घरचे म्हणजे कोण हे सांगायची गरज नव्हती.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात वकीलबाई माझं अभिनंदन करत होत्या. आपण जिंकलो, असे निकाल सहसा लागत नाहीत, डॉक्टरांनी धडा घेतला असेल. मला काही ऐकू येत नव्हतं. ज्या एका गोष्टीसाठी मी कोर्टाची पायरी चढले होते, तिच्या बरोबर उलटं माझ्या हातात पडलं होतं. इतके दिवस बाबा जे स्वतःशी म्हणत होते, त्यावर आता शिक्काही बसला होता. मी विचारलं, वर अपील करता येईल का, फक्त तेवढ्या ओळीपुरतं? वकीलबाई म्हणाल्या, येईल, ती ओळ तशी कमकुवतच आहे, बहुतेक निघून जाईल. मी म्हटलं, लगेच करा. आजच कागद तयार करा.

बाबा बाकावर बसले होते. त्यांनी मला हाक मारली आणि निकालाची प्रत मागितली. चष्मा लावून त्यांनी पानं उलटली, पण त्यांना ती जागा सापडेना. मग ती माझ्यापुढे धरून म्हणाले, "आमच्याबद्दलचं वाच."

मी टाळायला बघितलं. घरी गेल्यावर वाचू म्हटलं. ते तसेच हात पुढे करून बसून राहिले, तेव्हा वाचावं लागलं. "रुग्णाने सदर गोळी घेण्यास दररोज, व वाचा गेल्यानंतर मान हलवून, नकार दिला होता. तो नकार लक्षात घेऊन घरच्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावयास हवा होता."

"परत वाच," बाबा म्हणाले.

मी परत वाचलं. मी म्हटलं, बाबा, काळजी करू नका, ही ओळ आपण काढून टाकणार आहोत, मी बोलले आहे त्यांच्याशी.

"नको," बाबा म्हणाले.

"बाबा, यात तुमचा दोष—"

"ऐक जरा." त्यांनी माझं मनगट धरलं. "एवढं मोठं निकालपत्र आहे. त्यात डॉक्टर आहे, औषधवाला आहे, ते अक्षर आहे. तुझी आई कुठे आहे त्यात? ह्या एवढ्याच ओळीत आहे. ती नको म्हणत होती, हे एवढ्याच ठिकाणी लिहिलंय. मी तिचं ऐकलं नाही, लवंगे. कुणीच ऐकलं नाही. आता कोर्टाने ऐकलंय, तर तू ते पुसायला निघालीस?"

आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा ते रडले. आवाज करून, तोंड न झाकता, भर व्हरांड्यात, येणारेजाणारे थांबून बघत असताना. आजवर आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना निर्दोष करत आणलं होतं आणि त्या निर्दोषपणात त्यांना अगदी एकटं टाकलं होतं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मी त्यांचं डोकं पोटाशी धरलं. ते पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, ती नको म्हणत होती गं, ती रोज नको म्हणत होती. तुमचा काय दोष, असं या खेपेला मी म्हटलं नाही. मी म्हटलं, "हो बाबा. म्हणत होती."

वकीलबाई थोड्या अंतरावर थांबल्या होत्या. बाबा जरा शांत झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले आणि अपील करायचं नाही म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. एरवी माझ्या जिभेला हाड नसतं, पण त्या दिवशी मी निकालपत्रातली ती ओळ त्यांना बोटाने दाखवली, आणि बाबांना घेऊन घरी आले.